राखणीची मरळ

मरळ श्वास घ्यायला वर येते तेव्हा आवाज होतो. फार मोठा नाही. घागर भरत आली की शेवटचा घोट जसा आत जातो, तेवढाच. काठावर गप्पा मारत बसलेल्याला तो ऐकू येत नाही. गप्प बसलेल्याला येतो, आणि एकदा कान तयार झाला की पाणकणसाच्या कुठल्या बेटाआडून आला, मासा केवढा असावा, हेही हळूहळू कळायला लागतं. लहान मरळ घाईघाईने हवा टिपते आणि पळते. मोठी सावकाश वर येते, तोंड बाहेर काढते, हवा गिळते आणि आली तशी खाली बसते. पाण्यावर एक वलय उरतं, चार बुडबुडे उरतात.

गळ घेऊन मी बाहेर पडतो तो या आवाजासाठी. कंधारजवळचं बारूळ, लोह्याकडचं लिंबोटी, नांदेडच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीमागे पसरलेलं गोदावरीचं पाणी, लातूरच्या बाजूला मांजरेवरचे साई आणि नागझरीचे बंधारे: ही सगळी पाणी मला काठावरून ओळखीची आहेत. नावेतून नाही, काठावरून. काठावरच्या माणसाला पाण्याचा हातभर पट्टाच नीट दिसतो, आणि मरळ राहते नेमकी त्याच पट्ट्यात. बेशरमीची झुडपं पाण्यात वाकलेली असतात तिथे, बुडालेल्या बांधाच्या दगडांत, जनावरं पाण्यावर उतरतात त्या वाटेच्या कडेला. रोहू-कटल्याला खोल पाणी लागतं. मरळीला गुडघाभर पाणी आणि चार पानांची सावली पुरते.

बाहेरच्या माणसाला लातूर आणि मासा ही जोडी पटत नाही. त्याला आठवते ती पाण्याची रेल्वे. 12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून निघालेल्या दहा वाघिणी लातूरच्या स्थानकात आल्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ तेव्हा उघडा पडला होता आणि भेगाळलेल्या गाळाची छायाचित्रं देशभर छापून आली. त्याच वर्षी परतीच्या पावसाने तेच धरण भरलं, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. आमच्याकडचं पाणी असं आहे. ते असतं तेव्हा भरभरून असतं आणि जातं तेव्हा विहिरीच्या तळाचा दगड दाखवून जातं. मधल्या काळात ते मागे मागे सरकत राहतं, आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत माणसं हरभरा टाकतात, ज्वारी टाकतात, टरबुजाचे वेल लावतात. माघात मी जिथे गळ टाकून बसलेलो असतो तिथे चैत्रात टरबुजं पिकलेली असतात.

पाणी अडवून धरण्याची ओढ या मुलखात जुनी आहे. कंधारच्या किल्ल्याजवळचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या काळातला. तलावाला समुद्र म्हणणारी ती माणसं स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. समुद्र कशाला म्हणावं हे पाण्याची वाट बघणाऱ्यालाच कळतं. मला तो शब्द अतिशयोक्तीचा वाटत नाही.

अशा येत्या-जात्या पाण्यात टिकायचं तर मासाही तसाच हवा. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवा घेण्यासाठी वेगळी पोकळी असते. तिचे कल्ले पाण्यातला प्राणवायू घेतात, पण मोठ्या माशाला तेवढा पुरत नाही. तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ती पाण्यातच गुदमरते. आणि ज्या डबक्यात बाकीचे मासे वैशाखाच्या उन्हात पांढरी पोटं वर करून तरंगतात, त्याच कोमट, कुजक्या पाण्यात ती जिवंत राहते. पाणी पुरतं आटलं तर ओल्या चिखलात शिरून बसते, अंग ओलं राहील तोवर तग धरते. तलावातला गाळ उपसताना चिखलाच्या ढेकळाबरोबर वळवळती मरळ निघाल्याचं सांगणारी माणसं काठावरच्या गावांत भेटतात. मृगाचा पाऊस पडला, ओढा वाहता झाला, की ती नव्या पाण्यात निघते. वाटेत थोडी जमीन लागली तरी ओल्या गवतातून अंग रेटत पुढे जाते.

आणखी एक फरक आहे. आमच्या तलावांत आज जो रोहू, कटला, मृगळ मिळतो त्याचं बी बहुतेक बाहेरून येतं. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई टोचून त्यांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून देशभरच्या तळ्यांत मत्स्यबीज सोडता येऊ लागलं. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली येते, मच्छीमार सहकारी संस्था ती तलावात सोडते, आणि वर्ष-दीड वर्षाने जाळं लागतं. गावोगावच्या भोई कुटुंबांची चूल त्यावर पेटते, ते काम मोलाचंच आहे. पण त्या पिशव्यांत आमच्याकडे सहसा मरळ नसते. ती तलावात आहे ती आपली आपण आहे, मागच्या वर्षीच्या मरळीने वाढवली म्हणून आहे.

मरळीच्या गळाची तयारी फार नाही. वेळूची लांब, शेंड्याला लवचीक काठी, जाड तंगूस, आणि रोहूच्या गळापेक्षा मोठा गळ. कणकेच्या गोळीकडे, पेंडेकडे, शेंगदाण्याकडे ती ढुंकूनही बघत नाही; गांडुळाला लहान मरळ लागते. मोठीला हलणारं काहीतरी हवं असतं. बेडूक, छोटी मासोळी, पाण्यावर पडलेला नाकतोडा. जुने लोक जिवंत बेडकी पाठीच्या कातड्याला गळ लावून सोडत. आता नांदेडच्या बाजारातही रबराची पोकळ बेडकी मिळते. तिचे दोन्ही काटे पाठीला चिकटून असतात, त्यामुळे ती पानांवरून, गवतावरून सरकते पण अडकत नाही. मी तीच वापरतो. जित्या जिवाला टोचणं मला जमत नाही, आणि मरळीला रबरानेही फरक पडत नाही.

बेडकी पानावर टाकायची. लगेच ओढायची नाही. तंगुसाला किंचित झटका दिला की ती पानाच्या कडेवरून पाण्यात उतरते, दोन उड्या घेते, थांबते. ते थांबणं महत्त्वाचं. मग पानांच्या खालून एक फुगवटा सरळ रेषेत येताना दिसतो, देठ बाजूला होतात, आणि पाणी फाटतं. याच क्षणी नवशिक्याचा हात वर जातो आणि बेडकी हवेत उडून त्याच्याच अंगावर येते. मरळ भक्ष्य आधी नुसतं तोंडात धरते, खाली नेते, मग गिळते. काठी खाली झुकवून तिला तेवढं जाऊ द्यायचं, तंगूस ताठ झाला की मगच ओढायचं. त्यानंतर घाईच करायची, कारण तिला पाणकणसात शिरू दिलं की ती देठांना वेढे घालते आणि तंगूस तुटतो.

हातात आलेली मरळ बघण्यासारखी असते. डोकं चपटं, सापासारखं, त्यावर मोठे खवले. पाठ काळपट हिरवी, बाजूला तिरके पट्टे, पोट पांढरं. अंगाला बुळबुळीत लेप असा की दोन्ही हातांतून निसटते. घरी राखेने किंवा जाड मिठाने घासल्याशिवाय सुरीखाली येत नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली तर तासन्‌तास जिवंत राहते, म्हणून बाजारात ती घमेल्यात जिवंतच मांडतात आणि भावही तिलाच जास्त. मधला काटा सोडला तर बारीक काट्यांचा त्रास नाही. येसूर लावून केलेला तिचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, यापुढे मला दुसरं काही सुचत नाही.

हिचा मान आमच्यापुरता नाही. धर्माबाद, बिलोली, देगलूर ओलांडलं की तेलंगण लागतं आणि मरळीची कोरमीनू होते. त्या राज्याने तिला आपला राज्यमासा ठरवलं आहे. मृग लागताना हैदराबादला दम्याचे हजारो रोगी जमतात आणि तोंडात औषध ठेवलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळतात. त्या औषधाला वैद्यकशास्त्राची मान्यता नाही, पण आमच्याकडची कुटुंबंही रेल्वेने तिथे जात आली आहेत. 1948 पर्यंत आम्ही त्याच निजामी राज्यात होतो. माणसांच्या या वाटा सरहद्द बदलली तरी मोडल्या नाहीत.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो.

एका आषाढात लिंबोटीच्या काठाला एक वयस्क भोई मामा जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. मी त्यांच्यापासून थोडा दूर उभा होतो. पाणी नवं, गढूळ, काठाचं गवत नुकतंच बुडालेलं. त्या गवताच्या मोकळ्या जागेत, परातीएवढ्या भागात, पाण्याला लालसर रंग आला होता. आधी वाटलं, मुरमाचं पाणी उतरलंय. मग तो रंग हलला. थोडा डावीकडे गेला, थांबला, आणि पावसाचे थेंब पडावेत तसं तेवढंच पाणी फुटफुटलं. पुन्हा शांत झालं. जरा वेळाने पुन्हा तसंच.

मामांनी मान वर न करता विचारलं, “काय बघायलाव, सर?”

मी बोट दाखवलं.

“पिल्लं हायेत मरळीची. हवा घ्यायलीत.” मग जाळं बाजूला ठेवून उठले, माझ्याजवळ आले. “खाली बघा. जरा मागं. काळं दिसायलंय का?”

दिसलं. लाल ठिपक्याच्या मागे, हातभर खाली, एक लांब काळी सावली. ठिपका सरकला की सरकायची, थांबला की थांबायची. एकदा कुठूनशी एक छोटी चिलापी गवतातून त्या ठिपक्याच्या दिशेने आली. सावली हलली एवढंच दिसलं. पाण्याला एक फटका बसला आणि चिलापी गवतात परत.

“बेडकी टाकली की लगेच धरती बघा,” मामा म्हणाले. “पर भुकंनं नाही. पोरांपशी काय आलं म्हणून हाकलायला धरती. बाप असतो त्यो बहुतेक.”

“मग टाकत नाहीत तुम्ही?”

“श्रावण संपूस्तर नाही.” एवढं बोलून ते पुन्हा गाठीकडे वळले.

मी नंतर याविषयी मिळेल ते वाचलं, आणि मामांचं म्हणणं प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तसंच्या तसं सापडलं. मरळीची जोडी पावसाळ्यात काठच्या गवतात पाण्याची एक गोल जागा मोकळी करते. अंडी पिवळसर, तरंगती, हजारोंनी. दीड-दोन दिवसांत फुटतात. पिल्लं लालसर नारिंगी असतात आणि घोळका करून राहतात, श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतात. आई-बाप दोघंही राखण करतात, नर जास्त चिकाटीने. पिल्लांचा रंग जाऊन ती काळपट होईपर्यंत, आपापल्या वाटेने पांगेपर्यंत, ही राखण आठवडेच्या आठवडे चालते. या काळात राखणदार नीट खातही नाही. आणि त्याला काढून घेतलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. त्या गवतात चिलापी असते, झिंगे असतात, खंड्या वर फांदीवर असतो, ढोकरी काठाला असते. सगळ्यांना लाल रंग लांबून दिसतो.

लाल ठिपका आणखी एका नजरेला दिसतो, ती म्हणजे गळवाल्याची. मोठी मरळ एरवी सापडायला अवघड, कुठे असेल याचा अंदाज करत फिरावं लागतं. पावसाळ्यात मात्र तिचा पत्ता पाण्यावर लिहिलेला असतो. ठिपक्यात बेडकी टाका, दोनदा हलवा, आणि पाच-सहा वर्षांचा मासा काठावर. अलीकडे तर अशा माशांचे फोटो मोबाइलवर फिरतात, दोन्ही हातांत धरलेली मरळ, मागे भरलेला तलाव. कौतुक होतं. मला त्या फोटोत तलावाकडे बघवत नाही, कारण चौकटीबाहेर ती पिल्लं कुठेतरी असतात.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथे ‘बास’ नावाच्या माशाचं वेड आहे, मोठ्या तोंडाचा हिरवट मासा, गवतात दबा धरून बसणारा, पाण्यावरच्या बेडकीवर तुटून पडणारा. तो गळ टाकायला शिकला आणि मला फोनवर सांगू लागला तेव्हा मला प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं. पोकळ रबरी बेडकी ही मुळात त्यांचीच, बाससाठी घडवलेली. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने 2 जून 1932 ला जॉर्जिया राज्यात बावीस पौंड चार औंसांचा बास धरला. त्याची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडावं लागलं, तीही जपानमधल्या बिवा सरोवरात, इतका त्या माशाचा पसारा माणसांनी वाढवून ठेवला आहे. बासचा नरही घरट्यावर पहारा देतो, आणि घरट्याजवळ आलेल्या गळावर भुकेवाचून तुटून पडतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात म्हणूनच अनेक पाण्यांवर जून अर्धा सरेपर्यंत बास धरायला परवानगी नसते. वेळ ठरलेली आहे, लोक ती पाळतात, आणि मासा टिकला आहे. हे ऐकलं तेव्हा मला लिंबोटीचे मामा आठवले. त्यांना कोणी परवाना दिला नव्हता आणि कोणी तारीखही ठरवून दिली नव्हती.

याच अमेरिकेत मरळीची गत मात्र उलटी झाली. 2002 मध्ये मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात कोणीतरी सोडलेली चिनी मरळ सापडली, पिल्लांसह. सरकारने तळ्यात विष घालून सगळे मासे मारले. तरी ती पुढे पोटोमॅक नदीत दिसलीच. तिथे ती उपरी आहे, तिथल्या जिवांना जड जाते, त्यामुळे त्यांचं भय खरं आहे. आपल्याकडे हेच काम केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातलेला आफ्रिकी मांगूर करतो आहे. मासा कुठला, पाणी कुठलं, यावर सगळं ठरतं. आमच्या पाण्यात मरळ उपरी नाही. मांजरा बालाघाटच्या डोंगरातून निघून बीड, धाराशिव, लातूर करत कर्नाटकात, तेलंगणात जाते आणि फिरून नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. या सगळ्या वाटेवर डोहाडोहात ती आहे.

पण वाट पूर्वीची राहिलेली नाही. बेडकीच्या आडून एकेक मासा काढणाऱ्यामुळे जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट करंट लावणारे करतात. बॅटरी, दोन तारा, वेळूच्या टोकाला जाळी. डोहात तार बुडवली की लहान-मोठं सगळं उलटं होऊन वर येतं. लागेल तेवढं उचलतात, बाकीचं तसंच वाहून जातं. कुठे ब्लीचिंग पावडर टाकतात, कुठे शेतात फवारायचं औषध, कुठे विहीर फोडायचे जिलेटिन. स्फोटकं आणि विष यांनी मासे मारायला कायद्यानेच बंदी आहे. दुष्काळाने मरळ संपली नाही. विषाने आणि करंटने मात्र ती संपू शकते, कारण तिथे चिखलात दडून उपयोग होत नाही.

यातलं सगळं थांबवणं माझ्या-तुमच्या हातात नाही. पण एक गोष्ट आहे. मृगापासून श्रावण सरेपर्यंत काठाला गवतात लालसर ठिपका हलताना दिसला, तर तिथे बेडकी टाकू नका. काठी उचला आणि दुसऱ्या काठाला जा. त्या दिवसांत गांडुळाला मृगळ लागतो, झिंगे मिळतात, घरी रिकाम्या हाताने जायची वेळ येत नाही. सोबत पोरं असतील तर त्यांना तो ठिपका आणि खालची सावली तेवढी दाखवा. बाजारात आषाढात मोठी मरळ दिसली तर विकणाऱ्याला सरळ विचारा, पिल्लांवरून काढली का. उत्तर आलं नाही तर रोहू घ्या. दिवाळी होऊ द्या. तोवर पिल्लं पांगलेली असतात, मरळ पुन्हा खायला लागून अंगाने भरलेली असते, आणि तेव्हा ती बेडकीला येते ती भुकेनेच येते. तेव्हा खुशाल धरा.